दहा मिनिटांत गणितं संपवणारा पोरगा

प्रश्न: सर, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलला गणित शिकवते. नववीत एक पोरगा आहे, मी फळ्यावर गणित लिहून होईस्तोवर ह्याचं उत्तर तयार, मग शेजारच्यांशी गप्पा. जास्तीची गणितं दिली तर वही कोरी. आता त्याला मागच्या बाकावरच्या चौघांना शिकवायला बसवलंय. वर्गात पंचेचाळीस जण आहेत, काय करू सांगा की ओ.

उत्तर: बाई, रागावू नका पण वही कोरी ठेवतोय ते बरोबर करतोय. लवकर संपवलं म्हणून तसलीच अजून वीस, ही त्याला शिक्षाच वाटणार. मीपण सुरवातीला हेच करायचो, एका हुशार पोरीनं मुद्दाम हळू लिहायला सुरू केलं तेव्हा कळलं.

धडा सुरू करायच्या आधी स्वाध्यायातली सगळ्यात अवघड पाच गणितं काढा, धडा हेरॉनच्या सूत्राचा असो नाहीतर बहुपदींचा, आणि वर्गाला सांगा, ज्याला जमतंय त्यानं आधी हीच करा, चार बरोबर आली की बाकीची माफ. सगळ्यांना सांगा, एखादी गप्प बसणारी पोरगीपण निघते. पायऱ्या मात्र लिहूनच पाहिजेत, तोंडी उत्तर चालणार नाही, एसएसएलसीला, म्हणजे आपल्या दहावीच्या परीक्षेला, पायऱ्यांचेपण मार्क असतात.

मग जो वेळ उरतो तो त्याचा. देवळालीच्या शाळेतले मास्तर द. रा. कापरेकर यांचा 1949 चा 6174 द्या त्याला. 3524 घ्या, त्यातलेच चार आकडे फिरवून होणारी मोठ्यातली मोठी संख्या वजा लहानातली लहान, 5432 वजा 2345 म्हणजे 3087, परत तसंच 8352, परत केलं की 6174, आणि पुढं तिथंच अडकतं. तीन आकडी घेतलं तर कुठं अडकेल, दोन आकडीत का अडकत नाही, प्रत्येक वजाबाकीला 9 नं भाग का जातो, एवढं विचारा आणि गप्प बसा, उत्तर सांगू नका. पोरगं आठवडाभर डोकं खातंय बघा.

गोडी लागली तर गणित ऑलिंपियाडची पहिली परीक्षा आहे, आयओक्यूएम, आठवीपासून बसता येतं, 3 तासांत 30 प्रश्न. पेपर मराठीत नसला तरी आपल्याकडच्या पोरांच्या डोक्यात त्रिकोण, कन्नडचा त्रिभुज आणि ट्रँगल तिन्ही एकदम नांदतात, त्याची काळजी नको.

शिकवायला बसवणं बंद करा. त्याला मधल्या पायऱ्या दिसतच नाहीत, तो काय समजावणार? त्या चौघांना 6174 तुम्ही स्वतः करून दाखवा, नुसती वजाबाकीच आहे, तेपण रमतील.