लेकीचं ताट वेगळं करू नका

प्रश्न : माझ्या २७ वर्षांच्या मुलीला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. हा आजार विषाणूमुळे होतो असं वाचल्यापासून सासूबाईंनी तिचं ताट-पेला वेगळा केला आहे. धाकट्या मुलाची रक्ततपासणी करून घ्यावी का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आजच तिला सगळ्यांच्या पंगतीत बसवा. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस, या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर हल्ला करते. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे सासूबाईंना माझं नाव घेऊन सांगा. अशा मुलींना घरातच परकं झालेलं पाहिलं की फार वाईट वाटतं.

तुम्ही वाचलंत ते मात्र खरं आहे. तो विषाणू म्हणजे एपस्टाइन-बार. लाळेतून पसरतो आणि जन्मभर अंगात राहतो. अमेरिकेत सैनिकांचं रक्त एचआयव्हीसाठी वरचेवर तपासतात आणि उरलेला नमुना गोठवून ठेवतात. हार्वर्डच्या संशोधकांनी एक कोटीहून अधिक सैनिकांच्या २० वर्षांच्या नोंदी चाळल्या. पुढे एमएस झालेल्यांपैकी ३५ जणांच्या पहिल्या नमुन्यात या विषाणूचा मागमूस नव्हता. त्यातल्या ३४ जणांना आजार सुरू होण्याआधी त्याची लागण झालेली निघाली. लागणीनंतर एमएसचा धोका ३२ पट वाढला होता. लाळेतूनच पसरणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूने तो वाढला नाही. मज्जातंतूंना इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिनही या लागणीनंतरच चढलेलं दिसलं. २०२२ साली हे प्रसिद्ध झालं, तेव्हा आम्हा मेंदूविकारवाल्यांमध्ये दुसरा विषय नव्हता.

त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं, की या विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतल्या ग्लायलकॅम या प्रथिनासारखा दिसतो. शरीराने विषाणूशी लढायला सोडलेली प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, मग काही रुग्णांत आपल्याच मेंदूवर चालून जातात.

पण जगातल्या शंभरातल्या नव्वदहून अधिक प्रौढांना हा विषाणू होऊन गेलेला असतो. सासूबाईंना, तुम्हाला, बहुधा मलाही. एमएस होतो तो त्यातल्या फार थोड्यांना. आनुवंशिकता, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान यांचीही साथ लागते. म्हणून मुलाची तपासणी नको. ती बहुधा पॉझिटिव्ह येईल, आणि त्यातून काहीच कळणार नाही. सख्ख्या भावाला धोका इतरांपेक्षा काही पटींनी जास्त असतो, पण एकूण पाहता तोही कमीच. तो सिगारेट ओढत असेल तर तेवढी सोडायला लावा.

या विषाणूवर लस अजून नाही. विषाणू मारण्याच्या नावाखाली कुणी काढे किंवा गोळ्या दिल्या, तर त्यापायी मुलीचं चालू औषध एक दिवसही बंद करू नका.