मेंदूवर संशोधन करायचंय, पण डॉक्टर नाही व्हायचं

तुझं पत्र वाचलं. धाकट्या भावाला ट्युबरस स्क्लेरोसिस हा जनुकातल्या बिघाडामुळे होणारा आजार आहे, त्यामुळे फिट येतात. अशा मुलांच्या मेंदूतल्या ‘कनेक्टिव्हिटी’बद्दल, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांशी कसे जोडलेले असतात याबद्दल, तू वाचलंस आणि आता त्यावरच काम करायचं म्हणतेस. गणित आवडतं, जीवशास्त्राच्या पाठांतराचा कंटाळा येतो. घरचे म्हणतात, आधी डॉक्टर हो.

डॉक्टर व्हायलाच हवं असं नाही. कारण कनेक्टिव्हिटी यंत्रावर आयती दिसत नाही, ती गणिताने काढावी लागते. ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवायला, डोक्यावर साधारण वीसेक इलेक्ट्रोड लावतात. दोन ठिकाणच्या लहरी एका तालात हलल्या की वाटतं, हे दोन भाग जोडलेले आहेत. पण कवटी आणि त्वचेतून विजेचा संकेत पसरतो. एकाच जागची लहर दोन्ही इलेक्ट्रोडांवर उमटते आणि जोडणी नसतानाही ताल जुळतो. त्यात मुलाने नुसती पापणी मिटली तरी कपाळाजवळच्या रेषा डोंगरासारख्या उसळतात! यातलं खरं काय आणि आभास कोणता, हे वेगळं काढायला सिग्नल प्रोसेसिंग, संख्याशास्त्र आणि ग्राफ थिअरी (जाळ्यांचं गणित) येणारी माणसं लागतात.

या आजारात मेंदूत ‘ट्युबर’ म्हणजे गाठीसारखे भाग असतात. पण एमआरआयमध्ये ठीकठाक दिसणाऱ्या, गाठींपासून दूरच्या, मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंमध्येही फरक आढळले आहेत. नुसत्या गाठी मोजून भागत नाही, ते यामुळेच.

पदवीला इलेक्ट्रॉनिक्स, भौतिकशास्त्र, संगणक, बायोमेडिकल इंजिनिअरिंग, यातलं काहीही चालेल. न्यूरोसायन्सकडे नंतर वळता येतं. जीवशास्त्राला मात्र रामराम ठोकू नकोस. टीएससी-१ किंवा टीएससी-२ जनुकात बिघाड झाला की पेशींना वाढायला लावणाऱ्या एमटॉर या प्रथिनावरचा लगाम सुटतो, हे डोक्यात नसेल तर तुझ्या आलेखांना अर्थ राहणार नाही.

एक गोष्ट जरा कठोरपणे सांगतो. टीएससी-२ जनुक १९९३मध्ये सापडलं, टीएससी-१ हे १९९७मध्ये. एमटॉरला आवर घालणाऱ्या एव्हरोलिमस या औषधाने या आजारातल्या फिट कमी होतात, हे दाखवणारी मोठी चाचणी प्रसिद्ध झाली २०१६मध्ये. फिट थांबतात नव्हे, कमी होतात. त्याही सगळ्यांच्या नाही. भावासाठी या वाटेला यावंसं वाटणं साहजिक आहे, पण तेवढ्या ओढीवर वीस वर्षं निघत नाहीत. रोजचं कामही आवडायला हवं.

ते आवडतं का, हे आत्ताच बघता येईल. फिजिओनेट या संकेतस्थळावर ‘सीएचबी-एमआयटी’ नावाचा ईईजी संच मोफत आहे, औषधांना दाद न देणाऱ्या फिट असलेल्या मुलांचा. थोडं पायथॉन शीक. त्यातली एक फाइल उघड, दोन चॅनेलमधला, म्हणजे डोक्यावरच्या दोन ठिकाणच्या नोंदींमधला, सहसंबंध काढ. मग पापणी मिटल्याच्या वेळचे नोंदीचे तुकडे हुडकून गाळ आणि पुन्हा काढ. किचकट आहे, दोन-तीन रविवार जातील. आकडा किती बदलला आणि कंटाळा किती आला, दोन्ही मला कळव.