गावचा ग्रुप, वॉर्डाचं हँडल आणि ग्रामसभा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

ग्रामपंचायत आणि वॉर्डाच्या कामांबद्दल खूप प्रश्न आलेत आणि बहुतेकांचं दुखणं एकच आहे, ऑनलाइन एवढं बोलूनही काही बदलत नाही. त्यातले चार घेतोय.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावची सरपंच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पोल घेतला, आधी गटार की आधी स्मशानभूमीचं शेड. शेडला जास्त मतं पडली. आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात असं चालत नाही. लोक चिडलेत.

ताई, ते बरोबर सांगतायत. निर्णय ग्रामसभेच्या ठरावानेच होतो आणि प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, नोंद लागते, पोलचा स्क्रीनशॉट तिथे चालत नाही. पण पोल वाया गेला असं मुळीच नाही, फक्त तो अजेंडा ठरवायला वापरा. आणि पोलच्या आधी पैशाचं सांगा. केंद्राकडून पंचायतीला येणाऱ्या 15व्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती, त्या पैशातून शेड होऊच शकत नाही, हे माहीत नसताना लोकांनी मत दिलं तर नंतर ते चिडणारच ना.

ग्रामसभेची नोटीस 7 दिवस आधी निघते. त्याच दिवशी तिचा स्वच्छ फोटो ग्रुपवर टाका आणि खाली तुमच्या आवाजात मिनिटभराचा व्हॉइस मेसेज, कारण नोटिशीची भाषा कोणी वाचत नाही, सरपंचांचा आवाज मात्र सगळे ऐकतात. कोरमला, म्हणजे सभा भरायला किमान हजेरी म्हणून, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यात जे कमी ते लागतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही, मग पंधरा माणसं बसून गावाचं ठरवतात. ग्रुपचा खरा उपयोग इथे आहे, ते शंभर जण आणण्यात.

अजून एक, ग्रुपवरचे नंबर बघा, घरटी एक आणि तोही बहुतेक पुरुषाचा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची कायद्यातच सोय आहे, तिथे तोच प्रश्न तोंडी विचारा, बचत गटांच्या ग्रुपवरही टाका. उत्तर वेगळं आलं तर ते ग्रामसभेत तसंच मांडा.

प्रश्न: मी ठाण्यात राहतो, गाव रत्नागिरी जिल्ह्यात. आम्ही मुंबईकर ग्रुपवर सूचना करतो, गावातले लक्षच देत नाहीत.

दादा, तुमचं नाव कुठल्या मतदार यादीत आहे? ठाण्यात असेल तर गावच्या ग्रामसभेत तुम्हाला मत नाही, आणि मला वाटतं हे योग्यच आहे. कोकणात कितीतरी गावांच्या ग्रुपवर चाकरमानीच जास्त, त्यांच्याकडे नेट आहे, संध्याकाळी लोकलमध्ये टाइप करायला वेळ आहे, त्यामुळे देवळाच्या सभामंडपावर शेकडो मेसेज पडतात आणि एप्रिलमध्ये विहीर आटते त्यावर कोणी बोलत नाही, कारण जी वहिनी डोक्यावरून पाणी आणते ती ग्रुपवर लिहीतच नाही. तिचं ऐकल्याशिवाय ग्रुपवरचं मत हे गावाचं मत आहे असं धरू नका.

म्हणून गप्प बसा असं नाही हां. ई-ग्रामस्वराज पोर्टल 2020 पासून आहे, तिथे पंचायतीचा आराखडा आणि खर्च बघायला मिळतो. तुम्ही तो उघडा, साध्या मराठीत ग्रुपवर टाका, आणि गावातल्या पोरांना सांगा त्या कामाचा आजचा फोटो पाठव. फरक दिसला तर माहिती अधिकाराचा अर्ज ठाण्यातूनही करता येतो, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 1 मेला ग्रामसभा असते, तेव्हा तुम्ही सुट्टीत गावीच असता, जाऊन बसा आणि ऐका.

प्रश्न: पुण्यात राहते. महापालिकेला टॅग करून थकले, फुटपाथ तसाच. काही उपयोग आहे का?

खड्डा, कचरा, बंद दिवा, याला टॅग चालतो, ती तक्रार आहे. पण कुठे काय बांधायचं हा निर्णय आहे, त्याची वेळ आणि कागद ठरलेला असतो. पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सूचना बजेटमध्ये घेतात, क्षेत्रीय कार्यालय साधारण ऑगस्टच्या आसपास अर्ज मागवतं, 5 लाखांच्या आतली कामं सुचवता येतात. फुटपाथ दुरुस्ती, बाक, दिवे यासाठी हे उत्तम आहे. तारीख जाहीर झाली की सोसायट्यांच्या ग्रुपवर टाका, अर्ज द्या आणि आवक नंबर घ्या, पोस्ट करायचीच तर त्या नंबरसकट करा म्हणजे पुढे विचारता येतं.

मोठ्या गोष्टींना हरकती-सूचनांची मुदत असते. मुंबईचा विकास आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये आला तेव्हा लोकांनी आपापल्या गल्लीतल्या चुका शोधून हरकती दिल्या, ओरड झाली आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला लावला. उलट मुंबईतल्या आरेच्या मेट्रो कारशेडला हजारोंनी विरोध नोंदवूनही 2019 मध्ये झाडं तुटलीच. म्हणजे हमी कसलीच नाही, हे मी लपवणार नाही. पण तयार मजकूर कॉपी करून पाठवू नका, शंभर एकसारख्या हरकती अधिकारी एकाच उत्तरात निकाली काढू शकतो, तुमच्या घरासमोरच्या झाडाबद्दल लिहिलेल्या हरकतीला वेगळं उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न: मी प्रभागाच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन. नगरसेवकाविरुद्ध कोणी काही लिहिलं तर माझ्यावर केस होईल का?

2012 ला पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, ती भीती अजून लोकांच्या मनात आहे. ज्या कलमाची तेव्हा चर्चा झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ कलम सुप्रीम कोर्टाने मार्च 2015 मध्ये रद्द केलं. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानेही 2021 मध्ये म्हटलंय की दुसऱ्या मेंबरने काही लिहिलं म्हणून निव्वळ अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, सामायिक हेतू दिसला तर गोष्ट वेगळी. बदनामीचा कायदा मात्र आहेच. त्यामुळे ग्रुपवर नियम ठेवा, कामाबद्दल बोला, फोटोखाली जागा आणि तारीख लिहा, "पैसे खाल्ले" असं कागद हातात नसताना लिहू नका. आणि घरकुलाच्या याद्या आधार नंबरसकट फॉरवर्ड होताना दिसल्या तर लगेच डिलीट करा.