‘सनराइज’ आवडला, आता पुढे कोणते मूकपट पाहू?

‘सनराइज’ पाहून दोन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाही, चॅप्लिन आणि कीटन पाहून झालेत, आता विनोदी नको, असंच आत लागणारं काहीतरी सांगा, असं तुम्ही विचारलंय. तुमची अवस्था ओळखीची आहे. माझं असं झालं तेव्हा विचारायला कुणी नव्हतं, म्हणून जरा लांबण लावतो.

मुर्नावचा ‘सनराइज’ न्यूयॉर्कमध्ये लागला २३ सप्टेंबर १९२७ रोजी. गाणारा-बोलणारा ‘द जॅझ सिंगर’ आला ६ ऑक्टोबरला. मध्ये जेमतेम दोन आठवडे. विझायच्या आधी दिवा मोठा होतो ना, तशीच गत. न बोलता गोष्ट कशी सांगायची हे माणसांना पुरतं उमगलं आणि त्याच सुमारास त्याची गरज संपली. त्यामुळे ‘सनराइज’सारखा नवरा-बायको किंवा गाव विरुद्ध शहर असा विषय धरून शोधू नका, साल धरून शोधा. १९२४ ते १९२८ या पट्ट्यात हात घातला की फारसं वाया जात नाही.

सुरुवात ‘द लास्ट लाफ’नं करा (१९२४, जर्मनी). दिग्दर्शक तोच मुर्नाव, पटकथाही ‘सनराइज’वाल्या कार्ल मायरचीच. बड्या हॉटेलच्या दारावरचा म्हातारा दरवान. अंगात झगझगीत बटणांचा कोट, त्या कोटामुळे वस्तीत मान. एक दिवस जड पेटी उचलताना त्याला धाप लागते, मॅनेजर बघतो, आणि कोट काढून घेऊन त्याची रवानगी खाली संडासात होते, गिऱ्हाइकांना टॉवेल द्यायला. एवढीच गोष्ट. मूकपटात संवादाच्या पाट्या असतात ना, तशी पाटीच यात जवळजवळ नाही. मी हा माझ्या मावशीबरोबर पाहिला. तिला इंग्रजी येत नाही, पण मला एक अक्षर समजावून सांगावं लागलं नाही. कोट काढतात त्या प्रसंगाला ती एवढंच म्हणाली, “अरे, कातडंच सोललं की त्याचं.” शेवटाकडे मात्र एक पाटी येते. लेखकाला म्हाताऱ्याची दया आली, असं सांगते आणि पुढे सगळं अचानक गोडगोड होतं. पहिल्यांदा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, तो गोडवा मुद्दामच खोटा ठेवलाय.

त्यानंतर किंग व्हिडॉरचा ‘द क्राउड’ (१९२८). माझ्या मते ‘सनराइज’च्या शेजारी बसेल असा हाच. आपण कुणीतरी मोठे होणार अशी खात्री असलेला पोरगा न्यूयॉर्कला येतो. कॅमेरा एका उंच इमारतीवर चढत चढत खिडकीतून आत शिरतो, तर आत एकसारख्या टेबलांच्या रांगाच रांगा, आणि त्यातल्या १३७ नंबरच्या टेबलावर आपला नायक आकडेमोड करतोय! लग्न होतं, पोरं होतात, संडासाची टाकी बिघडते, सासरच्यांशी पटत नाही. मग एक असा प्रसंग येतो की घरात लेकरू शेवटच्या घटका मोजतंय आणि बाप रस्त्यावर धावत जाऊन गर्दीला, गाड्यांना, सगळ्या शहराला ओठांवर बोट ठेवून गप्प करू पाहतोय. चित्रपटाला आवाज नाही आणि हा माणूस आवाज थांबवायला बघतोय. मला तरी तिथे पुढे बघवत नव्हतं. नायकाचं काम करणारा जेम्स मरे हा नावाजलेला नट नव्हता, गर्दीतली किरकोळ कामं करायचा. पुढे तो दारूत बुडाला आणि १९३६ मध्ये हडसन नदीत बुडून गेला. हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं की नसतं, कोण जाणे.

लिलियन गिश नायिका असलेला ‘द विंड’ (१९२८) या दोघांनंतर पाहा. त्यात वारा हेच पात्र आहे. मोहावीच्या वाळवंटात विमानांचे पंखे लावून वाळू उडवली होती. शेवट गोड केलाय, तेवढं सोसून घ्या. ‘सनराइज’मधली जेनेट गेनॉर आवडली असेल तर ‘सेव्हन्थ हेवन’ (१९२७) आहेच. जरा जास्तच भाबडा आहे, पण तिच्यासाठी चालतं.

‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (१९२८) सगळे सुचवतील. चित्रपट थोर आहे, वाद नाही. जोन झालेल्या फाल्कोनेत्तीचा चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही, आणि जळून गेलेल्या या चित्रपटाची मूळ रूपातली प्रिंट १९८१ मध्ये ओस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात सापडली ही गोष्टही सांगण्यासारखी. पण ‘सनराइज’नंतर लगेच तो घेऊ नका. मी घेतला होता आणि अर्ध्यात बंद केला.

पूर्वेकडे बोलपट उशिरा रुळला, त्यामुळे तिथे माझं सालाचं गणित थोडं पुढे सरकतं. शांघायचा ‘द गॉडेस’ (१९३४) चुकवू नका. मुलाला शाळेत घालण्यासाठी रात्री रस्त्यावर उभी राहणारी आई. मूळ चिनी नावाचा अर्थ देवीही होतो आणि वेश्याही. आई झालेली रुआन लिंगयू नुसत्या खांद्यांनी जे दाखवते ते बोलून कुणाला जमायचं नाही. हा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, चोविसाव्या वर्षी तिनं आत्महत्या केली.

आणि आपल्याकडचा ‘सावकारी पाश’? कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, १९२५. सावकारानं जमीन गिळलेला शेतकरी मुंबईत गिरणीत येतो, भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. तुमच्यासाठी यादीत पहिला टाकला असता, पण तो आता उरलेला नाही. १९३६ मध्ये पेंटरांनी त्याचाच बोलपट काढला. आपल्याकडच्या शेकड्यांनी मूकपटांचं हेच झालं. बघता येतो तो ‘प्रपंच पाश’ (१९२९), निर्माता हिमांशू राय आणि म्युनिकहून आलेला दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांचा. महाभारतातल्या द्यूतावरून सुचलेली दोन राजांची गोष्ट. नाट्य बेतास बात, पण डोळ्यांना मेजवानी. संगीतकार नितीन साहनीनं नंतर दिलेल्या संगीताची प्रिंट मिळाली तर तीच घ्या.

प्रिंटवरून आठवलं. यातलं बरंचसं यूट्यूबवर सापडतं, पण पहिली दिसेल ती लावू नका. माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर समजा की प्रिंटचा वेग चुकलाय. तेव्हा बऱ्याचदा सेकंदाला १६ ते २० चौकटी अशा संथ वेगानं चित्रण व्हायचं. तेच २४ च्या वेगानं चालवलं की रडणारा माणूसही विनोदी दिसतो. पाच मिनिटं बघून वाटलं की काहीतरी खटकतंय, तर बंद करून दुसरी प्रिंट शोधा. ‘द क्राउड’साठी मी तीन बदलल्या होत्या.