बेरा टेस्ट खराब आली म्हणजे बाळ बहिरं का?

प्रश्न: मुलगी सहा महिन्यांची आहे. सारखी किरकिरते, मुठी आवळून अंग ताठ करते, नुसतं दार वाजलं तरी दचकते. एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले क्रॅबे (मेंदू आणि नसांचा जन्मजात आजार) असू शकतो. कानाची ओएई टेस्ट पास झाली पण बेरा (आवाज कानातून मेंदूकडे पोचतो का, ती टेस्ट) खराब आली, मग तिला ऐकू येतं की नाही? आता व्हीईपी (नजरेच्या नसेची), एनसीव्ही (हातापायाच्या नसांची), ईईजी (मेंदूच्या विजेची) या टेस्ट पण सांगितल्यात. एवढ्याशा जिवाला किती करंट द्यायचे? – एक आई

उत्तर: ताई, आधी करंटचं. बेरा, व्हीईपी, ईईजीमध्ये करंट देतच नाहीत, डोक्याला पेस्ट लावून वायरी चिकटवतात आणि मेंदूत आपोआप होणारी वीज मोजतात, बेराला कानात टकटक आवाज आणि व्हीईपीला डोळ्यांसमोर फ्लॅश, बस. एनसीव्हीत मात्र हातापायाला बारीक झटके देतात, बाळ रडतं, खोटं कशाला सांगू.

आता कानाचं. ओएई फक्त आतला कान तपासते, तो चांगला आहे. बेरा बघते की आवाज तिथून पुढे मेंदूच्या देठापर्यंत किती वेळात पोचतो, हा सगळा खेळ दहा मिलिसेकंदांचा. क्रॅबेमध्ये जीएएलसी नावाचं एन्झाइम नसतं, त्यामुळे सायकोसिन नावाचं विषारी द्रव्य साठतं आणि नसांवरचं मायलिनचं आवरण जातं, वायरवरचं प्लॅस्टिक निघावं तसं. म्हणून बेराच्या आलेखातली पहिली वेव्ह (लाट, कानाजवळची) वेळेवर येते आणि पुढच्या उशिरा येतात किंवा दिसतच नाहीत. त्यावरून बहिरी म्हणता येत नाही, दचकते म्हणजे आवाज पोचतोय. रिपोर्टमध्ये पहिल्या आणि पाचव्या वेव्हमधलं अंतर विचारा, आणि ते तिच्या वयाच्या बाळांशी ताडून बघितलंय ना तेही, कारण लहान बाळांत ते मोठ्यांपेक्षा जास्तच असतं.

एनसीव्ही टाळू नका, या आजारात ती लवकर बिघडते. ईईजी सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो, त्यावर हुरळून जाऊ नका.

पण यातल्या एकाही टेस्टने क्रॅबे पक्का होत नाही, त्यासाठी रक्तातली जीएएलसी एन्झाइम टेस्ट आणि जीन टेस्टच लागते. बोनमॅरो ट्रान्सप्लांटचा खरा उपयोग लक्षणं यायच्या आधी होतो, त्यामुळे त्याबद्दल मोठी आशा मी दाखवणार नाही. तरी जीन रिपोर्ट करून ठेवा, निदान पक्कं झालं तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला हाच आजार असण्याची 25 टक्के शक्यता राहते आणि तो रिपोर्ट हातात असला की तपासणी लवकर करता येते.

टेस्टच्या आदल्या दिवशी बाळाचं डोकं धुवा आणि त्या दिवशी तेल नको, टाळू भरायची नाही, आजीलाही सांगून ठेवा, नाहीतर वायरी चिकटत नाहीत.