कॉलेजच्या अर्जात ‘एशियन’ लिहायचं की नाही?

ताई, तुमची लेक अकरावीत आहे आणि नातेवाईक सांगताहेत की इथे अमेरिकेत कॉलेजच्या अर्जातल्या वंशाच्या चौकटीत ‘एशियन’ लिहू नका, प्रवेशात तोटा होतो. माझं म्हणणं, खरं असेल तेच भरा आणि त्या चौकटीचा घोर लावून घेऊ नका.

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यांत वंश बघून प्रवेश देणं बेकायदा ठरवलं. त्यामुळे त्या चौकटीवरून आता निर्णय घेता येत नाही.

आपल्याकडच्या आरक्षणाशी याची फार गल्लत होते. इथल्या राखीव जागा १९७८ मध्येच गेल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा बाजूला ठेवल्या होत्या, त्या कोर्टाने रद्द केल्या. पुढे वंश हा अनेक मुद्द्यांपैकी एक एवढाच उरला होता.

निकालाने आपल्या मुलांना रान मोकळं झालं, असंही नाही. २०२४ च्या प्रवेशांत एमआयटी या नामवंत तंत्रज्ञान विद्यापीठात एशियन मुलं सुमारे ४० वरून ४७ टक्क्यांवर गेली, कृष्णवर्णीय १३ वरून ५ वर आली. येल विद्यापीठात मात्र एशियन ३० वरून २४ वर घसरले. ‘आता नक्की होणार’ म्हणणाऱ्या प्रवेशाच्या कन्सल्टंटला एक डॉलरही देऊ नका.

‘काळ्यांनी आपल्या सीट्स खाल्ल्या’ हे आपल्या गेट-टुगेदरमध्ये ऐकलं की मला खरंच संताप येतो. हार्वर्डच्याच खटल्यातल्या आकड्यांवरून दिसलं की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची किंवा प्राध्यापकांची मुलं, नाहीतर देणगीदारांच्या वगैरे खास यादीतले होते. त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आणि आपल्याला या देशाचं दार उघडणारा १९६५ चा कायदा आला तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने बदललेल्या हवेत.

आता निबंध. वंशामुळे आयुष्यात काय सोसलं, काय मिळालं हे मुलांनी लिहिलं तर कॉलेज ते विचारात घेऊ शकतं, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालातच म्हटलंय. फक्त त्यातून त्या मुलाची धमक किंवा कुवत दिसायला हवी. दिवाळी आणि भरतनाट्यमवरचे निबंध मी ढिगाने वाचलेत. लक्षात राहिला तो एका मुलीचा. आजीच्या गोळ्यांच्या वेळा ती फार्मसिस्टकडून समजून घ्यायची आणि वहीत मोठ्या देवनागरी अक्षरांत उतरवायची. वय वर्षं बारा, आणि डोस चुकला तर जबाबदारी तिची. त्यात ‘एशियन’ हा शब्द कुठेच नव्हता.

पहिला खर्डा लेकीला एकटीला लिहू द्या. ती दाखवेल तेव्हाच वाचा.