स्मृतिकरंडक कोणाला द्यावा?

प्रश्न : आमच्या ग्लायडिंग हौशींच्या लहानशा क्लबात 30 वर्षे राबलेले एक काका गेल्या पावसाळ्यात निवर्तले. त्यांनी स्वतः फारशी उड्डाणे केली नाहीत; मात्र ग्लायडरला, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाला, हवेत खेचणाऱ्या विंच या यंत्राची तार मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ओढून आणणे, ग्लायडर वेग घेईपर्यंत पंखाचे टोक धरून धावणे आणि प्रत्येक उड्डाणाची वेळ वहीत टिपणे, ही कामे त्यांनी कधी चुकवली नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ करंडक ठेवण्यासाठी काकूंनी एक लाख रुपये देऊ केले आहेत. तो वर्षातील सर्वांत दीर्घ उड्डाणाला द्यावा, असे कार्यकारिणीतील निम्म्या सभासदांचे मत आहे. आपला सल्ला काय? करंडकाचे नाव कसे लिहावे आणि तो चार वर्षांत बंद पडू नये म्हणून काय करावे?
– एक वाचक, हडपसर, पुणे

उत्तर : दीर्घ उड्डाणाला तो देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उडणाऱ्याच्या कौतुकाची सोय आधीच झालेली आहे. 5 तास हवेत टिकून राहणे, 1,000 मीटर उंची मिळवणे आणि 50 किलोमीटर अंतर कापणे, या तीन कसोट्या पार करणाऱ्याला आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा महासंघाचा रौप्य बिल्ला मिळतो. जमिनीवर उभे राहून दुसऱ्याला आकाशात पाठवणाऱ्यासाठी मात्र क्लबांच्या कपाटात सहसा काहीच नसते, आणि काकांचे सारे आयुष्य त्याच बाजूला गेले.

याच महासंघाने 1952 मध्ये पॉल तिसांदिए यांच्या नावाने एक सन्मानपत्र सुरू केले. तिसांदिए हे विल्बर राइट यांच्याकडे शिकलेले वैमानिक होते. परंतु 1919 ते 1945 एवढा दीर्घ काळ त्यांनी महासंघाचे सरचिटणीसपद सांभाळले, म्हणून त्यांच्या नावाचा सन्मान विक्रमवीराला न देता, कष्टाने आणि निष्ठेने विमानक्रीडेची सेवा करणाऱ्याला दिला जातो. ज्याचे नाव, त्याचेच काम पुढे चालवणाऱ्याच्या हाती ते जावे, हे मला अतिशय योग्य वाटते. तेव्हा तुमचा करंडक वर्षभर मैदानावर सर्वाधिक उपयोगी पडलेल्या सभासदाला द्या, आणि निवड कार्यकारिणीकडे न ठेवता त्या वर्षी उड्डाण केलेल्या सर्वांकडे द्या. आपल्या पंखाचे टोक कोणी धरले होते, हे त्यांनाच ठाऊक असते.

नावाबाबत दोन गोष्टी. ‘स्मृतिकरंडक’ असे जोडून आणि ‘ति’ ऱ्हस्व लिहावे. तत्सम शब्द समासात आधी आला की त्याचा मूळचा ऱ्हस्व स्वर कायम राहतो. पितळेवर एकदा कोरलेली चूक पुसता येत नाही, म्हणून एवढ्या बारकाईने सांगतो. दुसरे असे, की नावाआधी ‘कै.’ लावू नये. ‘स्मृति’ या शब्दातच ते आले आहे, आणि ज्या नावाने मैदानावर हाक मारली जात होती ते नाव तसेच राहू द्यावे.

करंडक टिकण्याचा प्रश्न पैशापेक्षा दिवसाशी अधिक निगडित आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या नाट्यसंस्थेच्या पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ 1963 मध्ये सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेकडे पाहा. पुण्यातील महाविद्यालयांत तालमी सुरू झाल्या की करंडकाचे दिवस आले हे कोणी सांगावे लागत नाही. तुम्हीही पावसाळ्यानंतरचे पहिले उड्डाण जो दिवस पाहील, तोच दिवस करंडकाचा ठरवा. सभासद त्या दिवशी आपसूक जमतात, वेगळ्या समारंभाची आणि त्याच्या खर्चाची गरज उरत नाही.

पैशांविषयी थोडक्यात : काकूंचा धनादेश क्लबच्या नावाने घ्या, सोबत उद्देश नमूद करणारे त्यांचे पत्र घ्या, कार्यकारिणीचा ठराव इतिवृत्तात नोंदवा आणि रक्कम स्वतंत्र मुदत ठेवीत ठेवून मुद्दलाला हात लावू नका. 6 टक्के व्याज धरले तरी वर्षाला 6,000 रुपये मिळतील. नावाची पट्टी, विजेत्याकडे कायम राहणारी छोटी प्रतिकृती आणि सर्वांचा चहा-नाश्ता त्यात भागावा. मूळ करंडक फिरता ठेवा. तो घडवण्याचा खर्च मात्र या रकमेतून न करता सभासदांनी वर्गणी काढून करावा, असे मला मनापासून वाटते.

आणि तो बाजारातला पंख पसरलेल्या गरुडाचा तयार चषक नसावा. विंचच्या तारेत एक कमकुवत कडी मुद्दाम बसवलेली असते. ताण मर्यादेबाहेर गेला की ती आधी तुटते आणि ग्लायडरचा सांगाडा वाचतो. अशी एखादी तुटलेली कडी तुमच्या विंचच्या खोलीत नक्कीच पडलेली असेल. ती घासूनपुसून सागवानी बैठकीवर बसवा, खाली निदान 25 पट्ट्यांची जागा सोडा, आणि पहिल्या वर्षीचा करंडक काकूंच्या हस्ते द्या, तोही सभागृहात नव्हे, तार जिथे जोडली जाते तिथे.